सज्ञान अपत्याचें दुखणें आणि आईबापांचा अधिकार

मुलाचा अठरावा वाढदिवस घरांत गोडधोड करून साजरा होतो; परंतु त्याच दिवशीं कायद्याच्या दृष्टीनें घरांत एक मोठा फेरफार होऊन जातो, आणि तो बहुतेकांच्या लक्षांतहि येत नाहीं. आदल्या दिवसापर्यंत आई व बाप हे त्या मुलाचे पालक असतात. त्याच्या वतीनें सही करावी, वैद्याला प्रश्न विचारावे, औषधाला रुकार किंवा नकार द्यावा, हें सारें त्यांच्याकडे असतें. दुसऱ्या दिवशीं तें संपतें. १८७५ सालच्या सज्ञानतेच्या कायद्यानें ही मर्यादा १८ वर्षांची ठरविली. न्यायालयानें पालक नेमला असेल तर ती २१ वर्षांची असे. तो भेद १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला.

ज्याची बुद्धि शाबूत आहे अशा मुलाला हा फेरफार हवाच असतो, आणि तो योग्यहि आहे. परंतु ज्याची समज जन्मापासूनच लहान बालकाएवढी राहिली, ज्याचें मन आजारानें ताळ्यावर नाहीं, किंवा जो अपघातानंतर महिनोन् महिने बेशुद्ध पडून आहे, त्याचें काय? अशा तिशींतल्या मुलाची म्हातारी आई रुग्णालयांत जाऊन "याच्या तपासणींत काय निघालें?" असें विचारते, तेव्हां तिला असें उत्तर मिळूं शकतें कीं, "बाई, आपला मुलगा सज्ञान आहे. त्याची माहिती त्याच्या संमतीवांचून आम्ही कोणालाहि कशी द्यावी?" संमति द्यावयास तर तो असमर्थ आहे! उत्तर कठोर वाटेल, पण तें निराधार नाहीं. या एका अडचणीतून वाट काढण्यांत कायद्याचें दीड शतक गेलें, आणि ती वाट अजून पुरती मोकळी झालेली नाहीं. तिचा इतिहास म्हणूनच जाणून घेण्यासारखा आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रोग्याचें गुपित राखणें हा वैद्यकाचा फार जुना धर्म आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत, आठव्या अध्यायांत, शिष्याला जो उपदेश केला आहे त्यांत रोग्याच्या घरांतील गोष्टी बाहेर नेऊं नयेत, असें बजाविलें आहे. रोग्याचें आयुष्य सरत आलें आहे हें कळलें तरी, तें बोलल्यानें त्याला किंवा दुसऱ्या कोणाला धक्का बसण्यासारखा असेल तेथें बोलूं नये, असेंहि सांगितलें आहे. वैद्याच्या तोंडाला कुलूप असतें म्हणूनच रोगी मनांतलें बोलतो. हें कुलूप वाईट नव्हे. प्रश्न एवढाच कीं, ज्याला स्वतःची किल्ली वापरतां येत नाहीं त्याच्यासाठीं ती कोणाच्या हातीं असावी?

आपल्या जुन्या धर्मशास्त्रानें अशा माणसांचा विचार केलेला आहे, पण तो मुख्यत्वें वांटणीच्या संदर्भांत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत उन्मत्त व जड यांना वारशाचा भाग नाकारला आहे. त्याचबरोबर त्यांना अन्नवस्त्र देण्याचें बंधनहि कुटुंबावर घातलें आहे. भाग नाहीं, पण भाकर आहे, असा तो न्याय होता. १९२८ च्या कायद्यानें हिंदूंच्या बाबतींत ही अपात्रता पुष्कळ कमी केली. मात्र जन्मतःच वेडसर किंवा जड असलेल्यांना तिनें सोडलें नाहीं. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकाराच्या कायद्यानें रोग, दोष किंवा व्यंग यांमुळें कोणीहि वारशाला मुकणार नाहीं असें ठरविलें. म्हणजे मिळकतीचा प्रश्न सुटावयासहि विसाव्या शतकाचा मध्य ओलांडावा लागला.

इंग्रजी अमदानींत १८५८ सालीं या विषयावर एकदम तीन कायदे झाले. ३४ वा कायदा मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील सुप्रीम कोर्टांच्या हद्दीसाठीं, ३५ वा जिल्हा न्यायालयांसाठीं, आणि ३६ वा वेड्यांच्या इस्पितळांसाठीं होता. यांतील ३५ व्या कायद्याची सुरुवात मोठी बोधप्रद आहे. जिल्हा न्यायालयानें चौकशी करावयाची ती कोणाची? तर ज्याच्यापाशीं मिळकत आहे आणि ज्याला वेड लागल्याचा बोभाटा आहे त्याची. मिळकत नसेल तर जिल्हा न्यायालयाचें हें दारच उघडत नसे! ज्याच्या नांवावर शेत किंवा वाडा असेल त्याच्या देहाचा पालक नेमला जाई. ज्याच्या नांवावर कांहीं नाहीं त्याची काळजी त्याच्या आईनें घ्यावी, हें कायद्यानें गृहीतच धरलें होतें.

१९१२ च्या भारतीय वेड्यांच्या कायद्यानें हे विखुरलेले नियम एका ठिकाणीं आणले. त्यांत 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येंत भ्रमिष्ट आणि जन्मतः मंदबुद्धि असे दोघेहि येत. शब्द कानाला बोचतो, पण त्या एका शब्दाच्या छत्राखालीं दोघांच्याहि आईबापांना न्यायालयांत जातां येत असे. मिळकतीची अट मात्र येथेंहि राहिली. शिवाय आणखी एक नियम होता. रोग्याच्या कायदेशीर वारसाला त्याच्या देहाचा पालक नेमूं नये. नेमावयाचाच झाल्यास तें रोग्याच्या हिताचें कां आहे हें न्यायालयानें लेखी नमूद करावें. ज्याला मरणापासून लाभ त्याच्या हातीं जीव देऊं नये, हें तत्त्व शहाणपणाचें खरें. पण अविवाहित मुलाची आई ही १९५६ नंतर पहिल्या वर्गाची वारस ठरली. तेव्हां ज्या चाळणीनें लोभी नातलगांना अडवावयाचें, तींतच माताहि अडकण्याचा संभव निर्माण झाला.

मग इतकीं वर्षें व्यवहार चालला कसा? तो रूढीनें चालला. डॉक्टर घरचा असे, तीन पिढ्यांना ओळखत असे. ठाणें, येरवडा, रत्नागिरी किंवा नागपूर येथील मनोरुग्णालयांत नातलगच रोग्याला घेऊन जात, तेच सही करीत, तेच विचारपूस करीत. आईबापांना कोणी अडवीत नसे. पण त्यांच्या हातीं अधिकार असा नव्हता, केवळ दुसऱ्याचें सौजन्य होतें. सौजन्याचा दोष हा कीं, ज्या दिवशीं त्याची सर्वांत अधिक गरज असते, नेमका त्याच दिवशीं त्याचा भरंवसा नसतो.

ही अडचण केवळ भारताची नव्हती. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत १९७५ च्या एप्रिलमध्यें कॅरन ॲन क्विन्लन नांवाची २१ वर्षांची तरुणी बेशुद्ध झाली ती पुन्हां शुद्धीवर आली नाहीं. वडील जोसेफ क्विन्लन यांनीं तिचें पालकत्व मागितलें, तेव्हां खालच्या न्यायालयानें तिच्या देहाचा पालक म्हणून एका परक्या वकिलाची नेमणूक केली. ज्या बापानें तिला वाढविलें तो कायद्यापुढें परका ठरला! ३१ मार्च १९७६ रोजीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें हा निर्णय फिरवून पालकत्व वडिलांकडे दिलें. मुलगी त्यानंतरहि नऊ वर्षें जगली. ११ जून १९८५ रोजीं तिचा अंत झाला.

इंग्लंडांत तर याहून चमत्कारिक स्थिति होती. असमर्थ माणसांचा सांभाळ करण्याचा राजाचा पुरातन अधिकार तेथें शतकानुशतकें चालत आलेला होता. १९५९ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला आणि सज्ञान माणसांच्या देहापुरता तो अधिकार लोपला. त्याच्या जागीं दुसरें पुरेसें कांहीं आलें नाहीं. तीस वर्षांनीं, १९८९ सालीं, हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें एका ३६ वर्षांच्या मंदबुद्धि स्त्रीच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न आला. सज्ञान माणसाच्या वतीनें संमति देण्याचा अधिकार आईलाहि नाहीं आणि न्यायालयालाहि नाहीं. डॉक्टरनें रोग्याच्या हिताचें असेल तें करावें, तें कायदेशीर होईल, असा निर्णय झाला. म्हणजे जन्मदात्रीनें विचारावयाचें, आणि ठरवावयाचें डॉक्टरनें! ही पोकळी भरून काढणारा कायदा तेथें २००५ सालीं झाला आणि २००७ पासून अंमलांत आला. निर्णय घेण्यापूर्वीं रोग्याची काळजी वाहणाऱ्यांचें म्हणणें शक्य तोंवर विचारांत घ्यावें, असें त्यानें सांगितलें.

भारतांत याच काळांत काय घडलें? १९१२ चा कायदा जुनाट झाला होता. त्याच्या जागीं १९८७ सालीं मानसिक आरोग्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आला. 'वेडा' हा अपमानकारक शब्द गेला, हें उत्तमच झालें. पण नव्या व्याख्येनें मतिमंदत्व हा मानसिक आजार नव्हे असें ठरवून त्याला वगळलें. शास्त्रदृष्ट्या हें अगदीं बरोबर होतें. परंतु व्यवहारांत परिणाम असा झाला कीं, ज्या छत्राखालीं हीं मुलें पूर्वीं कशीबशी उभीं होतीं तें छत्र निघालें, आणि नवें कोणी धरलें नाहीं. शब्द सुधारला, पण आसरा गेला. मंदबुद्धि मुलगा अठरा वर्षांचा झाला कीं त्याच्या आईबापांना पालकत्व मागावयास सोयीचा कायदाच उरला नाहीं. १८९० चा पालकत्वाचा कायदा तर केवळ अज्ञान मुलांपुरता होता.

ही उणीव १९९९ अखेरच्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें भरून काढली. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा चार प्रकारच्या व्यक्तींसाठीं हा कायदा आहे. त्याखालीं स्थानिक स्तर समिति असते. जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून खालचा नाहीं असा एक सनदी अधिकारी, एका नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधि आणि स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ति असे तिघे तींत बसतात. आईबापांनीं तिच्याकडे अर्ज करावा. पालकत्वाची खरीच गरज आहे कीं नाहीं, आणि असल्यास कशासाठीं, याचा समितीनें विचार करावा. विशेष हें कीं, येथें मिळकतीची अट नाहीं. ज्याच्यापाशीं अंगावरच्या कपड्यांवांचून कांहीं नाहीं त्यालाहि पालक मिळूं शकतो. १८५८ पासून चालत आलेली ती जुनी अट पुसली जावयास १४१ वर्षें लागलीं.

पालक नेमल्यावर कायदा त्याला मोकळा सोडीत नाहीं. मिळकत असल्यास सहा महिन्यांत तिची यादी द्यावयाची, दरवर्षीं हिशेब द्यावयाचा. आणि त्यानें हयगय किंवा छळ केला तर त्याला दूरहि करतां येतें. बहुतेक आईबापांना हा अविश्वास वाटतो. पण जो प्रश्न त्यांना रात्रीं झोंपूं देत नाहीं, 'आमच्या मागें याचें कसें होईल?' हा, त्याचें उत्तर याच अविश्वासांत आहे. पुढचा पालक आई नसेल. त्याच्यावर डोळा ठेवणारें कोणी तरी असलें पाहिजे.

कागदपत्रांच्या बाबतींत महाराष्ट्राचा एक वांटा सांगण्यासारखा आहे. रुग्णालयाचे केसपेपर ही जणूं रुग्णालयाची खाजगी दौलत आहे, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. नातलगांनीं मागितले तर ताकास तूर लागूं देत नसत. १९९६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, रोग्याला किंवा त्याच्या जवळच्या नातलगाला केसपेपरच्या प्रती देण्याचें डॉक्टरनें वा रुग्णालयानें गुप्ततेची सबब सांगून टाळूं नये. पुढें भारतीय वैद्यक परिषदेनें २००२ च्या नियमांत, रोग्यानें, त्यानें अधिकार दिलेल्या सोबत्यानें किंवा कायदेशीर अधिकाऱ्यानें मागणी केल्यास ७२ तासांत कागद द्यावेत असें घातलें. त्याच नियमांत रोग्याचें गुपित फोडण्यासहि मनाई आहे. दोन्ही नियम एका पुस्तकांत शेजारीं शेजारीं आहेत. यांतला विरोध वरवरचा आहे. कागद मिळावयाचे ते रोग्याच्या कामासाठीं, इतरांच्या कुतूहलासाठीं नव्हेत.

हें कुलूप कशासाठीं आहे तें २००८ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानें दाखविलें. दिल्लींत ४४ वर्षांची एक स्त्री तपासणीसाठीं भूल घेऊन टेबलावर होती. डॉक्टरच्या सहायिकेनें बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेतली आणि मुलीचें गर्भाशय काढण्यांत आलें. ती स्त्री कांहीं तासांत शुद्धीवर येणार होती, जीवावर बेतलेला प्रसंग नव्हता. न्यायालयानें म्हटलें कीं, अशा स्थितींत आईची संमति ही मुलीची संमति नव्हे. आईच्या हेतूबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु ज्याला उद्यां स्वतः ठरवितां येईल त्याच्यासाठीं आज दुसऱ्यानें ठरवूं नये. तात्पुरती झोंप आणि कायमची असमर्थता या दोहोंत भेद करणें हाच या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे.

त्यापूर्वींच, १३ डिसेंबर २००६ रोजीं, संयुक्त राष्ट्रांनीं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला होता आणि भारतानें १ ऑक्टोबर २००७ रोजीं तो मान्य केला. त्याच्या बाराव्या कलमानें विचाराची दिशाच पालटली. अपंगाच्या जागीं दुसऱ्यानें निर्णय घ्यावा यापेक्षां त्याला निर्णय घेण्यास साहाय्य द्यावें, असें तें सांगतें. त्याला अनुसरून २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मर्यादित पालकत्व आणलें. ठराविक निर्णयापुरतें, ठराविक मुदतीपुरतें, आणि परस्परांच्या विश्वासानें दोघांनीं मिळून निर्णय घ्यावयाचा, असें त्याचें स्वरूप आहे.

मनोरुग्णांसाठीं २०१७ सालीं नवा मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्यानें प्रत्येक सज्ञान माणसाला, तो बरा असतांनाच, स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधि निवडण्याची मुभा दिली. कोणी निवडला नसेल तर नातलग, मग काळजीवाहक, असा क्रम लावला. रोगाचें निदान व उपचार यांची माहिती मागण्याचा अधिकार या प्रतिनिधीला आहे, आणि त्याचें काम त्याला करतां यावें एवढ्यापुरती ती देण्यास गुप्ततेचा नियम आड येत नाहीं. खिडकीशीं उभ्या असलेल्या आईच्या हातीं प्रथमच सौजन्याऐवजीं कायद्याचा शब्द आला. मात्र मनोरुग्णाच्या देहाचा व मिळकतीचा पालक नेमण्याची जी तरतूद १८५८ पासून चालत आली होती ती या नव्या कायद्यांत ठेवलेली नाहीं. एक दार उघडलें, दुसरें लागलें.

आणि जो मनोरुग्णहि नाहीं, जन्मतः मंदबुद्धीहि नाहीं, केवळ अपघातानें किंवा आघातानें बेशुद्ध पडला आहे, त्याचें काय? त्याच्यासाठीं कोणताहि कायदा सरळ बोलत नाहीं. अशा कुटुंबांना उच्च न्यायालयाचें दार ठोठवावें लागतें. जुन्या राजाचा 'अनाथांचा पिता' हा अधिकार येथें घटनेच्या २२६ व्या कलमाच्या रूपानें पुन्हां प्रकट होतो. केरळ उच्च न्यायालयानें २०१९ सालीं अशा पालकत्वासाठीं नियम घालून दिले. मुंबई उच्च न्यायालयानेंहि २०२० सालीं बेशुद्धावस्थेंतील एका गृहस्थाच्या पत्नीला त्याची पालक नेमलें. ज्या नियमानें पत्नीला दाद मिळते त्यानेंच मातापित्यांनाहि ती मिळते. पण वकील, अर्ज, वैद्यकीय मंडळाची तपासणी हें सारें पार पाडण्याचें बळ अशा घरांत किती उरलेलें असतें, याचा विचार कोणीहि करूं शकेल.

एकंदर इतिहास पाहतां असें दिसतें कीं, कायदा प्रथम मिळकतीच्या रक्षणासाठीं आला, मग देहाच्या, आणि अगदीं शेवटीं माणसाच्या इच्छेच्या. प्रत्येक वेळीं त्यानें एका वर्गाची सोय केली आणि दुसऱ्याला नकळत उघड्यावर ठेवलें. आज निरनिराळे कायदे आहेत, पण आईबापांना आपलें मूल कोणत्या कायद्यांत बसतें हें आधीं शोधावें लागतें. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशीच ही स्थिति आहे. चिंध्या असल्या तरी थंडींत त्यांचाहि उपयोग होतो, हें मात्र विसरतां कामा नये. मुलगा १८ वर्षांचा होतांच स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करणें, मनाचा आजार असणाऱ्यानें बऱ्या दिवसांतच आपला प्रतिनिधि लेखी नेमून ठेवणें, केसपेपरच्या प्रती वेळच्या वेळीं मागून जपून ठेवणें, एवढें तरी प्रत्येक घराला करतां येण्यासारखें आहे. संकटाच्या रात्रीं कायदा शोधावयास वेळ नसतो.

आणि या सर्व खटाटोपांतून मिळणारा अधिकार कशाचा? मूल आपलें आहे म्हणून त्याचें गुपितहि आपलें, असा तो अधिकार नव्हे. ज्याला स्वतःचें दुखणें सांगतां येत नाहीं त्याच्या वतीनें तें ऐकावयाचें, समजून घ्यावयाचें, आणि त्याच्या तोंडून जें आलें असतें त्याच्या शक्य तितकें जवळ जाऊन बोलावयाचें, असा तो अधिकार आहे. ती मालकी नसून ठेव आहे. ठेव सांभाळणाराला पेटी उघडण्याची किल्ली दिलीच पाहिजे. आणि ती त्यानें कशी वापरली, हें विचारणारेंहि कोणी असलें पाहिजे. या दोन्ही गोष्टी ज्या दिवशीं एका कायद्यांत एकत्र येतील, त्या दिवशीं त्या म्हाताऱ्या आईला आपल्याच मुलाच्या खाटेशीं परक्यासारखें उभें राहावें लागणार नाहीं.